मेंढपाळ, राखणदार आणि खुंटी : यहुदी संदेष्ट्यांच्या लेखनांतील पुढारीपणाचीं रूपकें

ज्युबिली हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे, कीं तो मूळचा कोणाचा हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. तो पोर्तुगेजांचा नव्हे कीं इंग्रजांचा नव्हे. तो यहुदी लोकांचा आहे. इब्री भाषेंत योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. सात वेळां सात वर्षें लोटलीं, म्हणजे पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं हें शिंग देशभर फुंकावें, दारिद्र्यामुळें दास झालेल्यास मोकळें करावें आणि विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाकडे परत जावी, असा लेवीय ग्रंथाचा आदेश आहे. तेव्हां ज्युबिली हा थोरांच्या सत्काराचा सोहळा नव्हता. ज्यांच्या हातीं जमीन, धन व माणसें एकवटलीं होतीं, त्यांनीं मूठ सैल करण्याचें तें वर्ष होतें.

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीची तयारी सुरू झाली, तेव्हां बैठकींत जो पहिला मोठा वाद निघाला, तो ह्याच्या अगदीं उलट होता. दर्शनी भिंतींत बसवावयाच्या संगमरवरी पाटीवर कोणाचीं नांवें यावींत व तीं कोणत्या क्रमानें यावींत, ह्यावर दोन संध्याकाळ खर्चीं पडल्या. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो, कारण त्या वादांत आम्हीहि होतों. आमच्या आजोबांचें नांव वगळलें जातें कीं काय, ह्या शंकेनें आमचाहि आवाज चढला होता. घरीं आल्यावर मन शांत व्हावें म्हणून पवित्र शास्त्र उघडलें, तों यशयाचा बाविसावा अध्याय पुढें आला. एका अधिकाऱ्यानें खडकांत कोरून घेतलेल्या थडग्याची ती हकीकत यथास्थान सांगूं. तिनेंच ह्या लेखाचा विषय सुचविला. पुढारी कोणास म्हणावें हें सांगतांना यहुदी संदेष्ट्यांनीं कोणकोणतीं रूपकें योजिलीं, आणि कोलशेतच्या ह्या खाडीकांठच्या लोकांनीं त्यांपासून काय घ्यावें, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

संदेष्ट्यास इब्रींत नबी म्हणतात. भविष्य सांगणारा, असा अर्थ आपण सहसा घेतों. परंतु नबी हा मुख्यतः देवाच्या वतीनें बोलणारा, आणि अनेकदां राजाच्या तोंडावर बोलणारा मनुष्य होता. यहुदी लोक नबींच्या ग्रंथांचे दोन भाग करितात : यहोशवा, शास्ते, शमुवेल व राजे हे पूर्वीचे नबी, आणि यशया, यिर्मया, यहेज्केल व बारा लहान संदेष्टे हे नंतरचे नबी. आपण ज्यांस इतिहासग्रंथ म्हणतों, तेहि त्यांच्या लेखीं नबींचेंच लेखन होय. कारण राजांचा तो इतिहास दरबारच्या भाटांच्या दृष्टीनें नव्हे, तर राजांपाशीं हिशेब मागणाऱ्याच्या दृष्टीनें लिहिलेला आहे. आणखी एक मौज अशी, कीं इब्रींत माशाल ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात : राज्य करणें हा एक, आणि दाखला किंवा रूपक सांगणें हा दुसरा. भाषापंडित हे दोन निरनिराळे धातु मानितात, तें असो. राजापाशीं एक माशाल होता, नबीपाशीं दुसरा. आणि राजांचीं सिंहासनें मातीस मिळालीं, तरी दाखले टिकले.

ह्या दाखल्यांचा पहिला मासला शास्ते ग्रंथांतला आहे. आपल्या सत्तर भावांवर शस्त्र चालवून अबीमलेख शखेम येथें राजा होऊन बसला. त्या संहारांतून वांचलेला धाकटा भाऊ योथाम डोंगरमाथ्यावर उभा राहिला आणि त्यानें लोकांस एक गोष्ट सांगितली. झाडांनीं राजा निवडण्याचें ठरविलें. जैतुनाच्या झाडास विचारलें, तर तें म्हणालें, मीं माझें तेल सोडून इतरांवर डोलत कशास रहावें? अंजिरानें आपली गोडी पुढें केली, द्राक्षवेलीनें आपला रस. शेवटीं काटेरी झुडपास विचारलें. त्यानें तत्काळ होकार दिला, आणि या, माझ्या सावलींत बसा, असें सर्वांस फर्माविलें! ज्याची सावली गुडघ्याएवढीहि पडत नाहीं, त्यानें देवदारास सावलीचें आमंत्रण द्यावें, ह्यांतला उपहास उघड आहे. परंतु ह्या दाखल्याची धार दोन्हीं अंगांस आहे. फळ देणाऱ्या झाडांनीं आपापला व्याप सांगून अंग काढून घेतलें, म्हणूनच झुडपास जागा मोकळी झाली. समाजांत नालायक पुढारी येतो, तेव्हां दोष एकट्या त्याचाच असतो असें नाहीं.

आतां मेंढपाळाच्या रूपकाकडे वळूं. कारण आपल्या धर्मसभेंत तेंच सर्वांत परिचित आहे. हें रूपक नबींनीं शोधून काढलेलें नव्हे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी ह्यानें ख्रिस्तपूर्व १८ व्या शतकांत आपल्या कायद्यांच्या प्रस्तावनेंत स्वतःस मेंढपाळ म्हणविलें आहे. आपल्याकडील राजांस प्रतिपालक हें जसें बिरुद, तसें त्या देशांतील राजांस मेंढपाळ हें बिरुद होतें. नबींनीं केलें तें एवढेंच, कीं त्यांनीं त्या बिरुदाचा शब्दशः अर्थ घेतला. तूं मेंढपाळ म्हणवितोस ना? मग मेंढरें कोठें आहेत, तीं मोजून दाखीव, असें ते म्हणाले.

हा हिशेब सर्वांत सविस्तर मांडला तो यहेज्केल संदेष्ट्यानें. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्यें यरुशलेमेचा राजा व प्रतिष्ठित लोक बाबिलोनास कैद करून नेण्यांत आले, त्यांत हा याजककुळांतला पुरुष होता. पुढें ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास नगर व मंदिर जळून गेलें, आणि ती वार्ता खबार कालव्याच्या कांठीं राहणाऱ्या ह्या निर्वासितांस कळली. राज्य कां बुडालें? शत्रू प्रबळ होता म्हणून, असें उत्तर त्यानें दिलें नाहीं. चौतिसाव्या अध्यायांत तो मेंढपाळांवर एकेक कलम ठेवितो : त्यांनीं चरबी खाल्ली, लोंकर पांघरली, पुष्ट मेंढरें मारलीं, पण दुबळ्यास बळ दिलें नाहीं, रोग्यास औषध केलें नाहीं, मोडलेल्या पायास पट्टी बांधली नाहीं, भटकलेल्यास परत आणलें नाहीं, हरवलेल्याचा शोध केला नाहीं. ह्या यादींत कळपाची संख्या किती वाढली, मेंढवाडा किती मोठा बांधला, ह्याविषयीं चकार शब्द नाहीं. सर्व कलमें लंगड्याचीं, आजाऱ्याचीं आणि हरवलेल्याचीं आहेत.

दिवाळी उलटली म्हणजे घाट उतरून कोंकणांत येणारे धनगर आपल्या वाडवडिलांनीं पाहिलेले आहेत. खांद्यावर घोंगडी, हातांत काठी, आणि चालवत नसलेलें कोंकरूं काखेंत, असें तें चित्र असे. कळपाची चाल धडधाकट मेंढ्यावरून नव्हे, तर त्या काखेंतल्या कोंकरावरून ठरते, हें धनगरास कोणी शिकवावें लागत नाहीं. यहेज्केलाचें सारें म्हणणें ह्या एका चित्रांत सांठविलेलें आहे.

परंतु त्या अध्यायाचा उत्तरार्ध आपण फारसा वाचीत नाहीं. मेंढपाळांचा न्याय झाल्यावर संदेष्टा मेंढरांकडे वळतो. तुम्हांतलीं कांहीं पुष्ट मेंढरें चांगलें कुरण स्वतः चरून उरलेलें पायांखालीं तुडवितात, स्वच्छ पाणी पिऊन उरलेलें गढूळ करितात, आणि दुबळ्यांस कुशीनें व खांद्यानें ढकलून शिंगांनीं हुसकावून लावितात, असा त्याचा आरोप आहे. तेव्हां पुढारीपणाचा हिशेब पीठावर बसलेल्या एकट्यापुरता नाहीं. ज्याला खांदा आहे आणि जो तो दुसऱ्यास ढकलण्यासाठीं वापरतो, त्या प्रत्येकास तो द्यावा लागेल.

ह्या रूपकाचे आणखी दोन प्रसंग सांगितले पाहिजेत. यशयाच्या ग्रंथांत देव ज्यास माझा मेंढपाळ व माझा अभिषिक्त म्हणतो, तो पारसीक राजा कुरूश, म्हणजे परधर्मी मनुष्य आहे! ख्रिस्तपूर्व ५३९ मध्यें त्यानें बाबिलोन जिंकलें आणि यहुदी बंदिवानांस स्वदेशीं परतण्याची मोकळीक मिळाली. ज्यानें हरवलेल्यांस घरीं आणलें तो मेंढपाळ; मग तो कोणत्या कुळाचा, हें देवानें विचारलें नाहीं. दुसरा प्रसंग जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथांतला. तेथें मेंढपाळाच्या हातीं दोन काठ्या आहेत. एकीचें नांव प्रसाद आणि दुसरीचें बंधन, म्हणजे ऐक्याचें बंधन. लोक त्याला विटतात, तोहि त्यांना विटतो, आणि तो दोन्हीं काठ्या मोडून टाकितो. त्याला मजुरी म्हणून रुप्याचीं तीस नाणीं तोलून देण्यांत येतात. हा आंकडा कोणत्याहि ख्रिस्ती वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं. खऱ्या मेंढपाळाची किंमत कळपानें काय ठरविली, हेंहि नबींनीं लिहून ठेविलें आहे.

दुसरें मोठें रूपक राखणदाराचें. येथें पुन्हां तें शिंग आपल्या कानीं येतें. देशावर तरवार येत आहे असें तटावरच्या राखणदारानें पाहिलें व शिंग फुंकलें, तर त्यानें आपलें कर्तव्य केलें. ऐकून जो सावध झाला नाहीं, त्याचा दोष त्याच्याच माथीं. पण राखणदारानें पाहिलें आणि तो गप्प राहिला, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब देव त्याच्यापाशीं मागेल, असें यहेज्केल म्हणतो. ह्या राखणदारास लोकांनीं आपल्यांतूनच निवडलेलें असतें, हेंहि तो आवर्जून सांगतो. हें नुसतें काव्य नव्हे. यहुदाच्या लाखीश नगराच्या उत्खननांत १९३५ सालीं खापरांवर शाईनें लिहिलेलीं पत्रें सांपडलीं. तीं यरुशलेमेच्या पाडावाच्या आगेमागें लिहिलेलीं आहेत. त्यांतील एकांत चौकीवरचा मनुष्य आपल्या वरिष्ठास कळवितो, कीं आम्ही लाखीशाच्या अग्निखुणेकडे दृष्टि लावून आहों. अजेक्याची खूण दिसत नाहीं. यहेज्केल बोलत होता तो अशा माणसांविषयीं. राखणदारास राज्य करावयाचें नसतें. त्यास फक्त जागें रहावयाचें असतें आणि जें दिसेल तें खरें सांगावयाचें असतें. जो तें सांगत नाहीं, त्यास यशयाच्या ग्रंथांत भुंकतां न येणारें मुकें कुत्रें, निजण्याची आवड असलेलें कुत्रें, असें म्हटलें आहे. ह्याहून कडक शब्द क्वचितच आढळेल.

ह्याच जातीचें आणखी एक चित्र आपणां खाडीकांठच्या लोकांस विशेष कळेल. यहेज्केल म्हणतो, कीं देशासाठीं तटाच्या भगदाडांत उभा राहील असा एक तरी मनुष्य देवानें शोधला, पण एकहि सांपडला नाहीं. ठाणें-रायगडच्या खारपट्टींत उधाणाच्या वेळीं बांधास खांड पडते, तेव्हां काय होतें हें जुन्या शेतकऱ्यांस विचारावें. खारें पाणी एकदां शेतांत शिरलें, म्हणजे जमीन वर्षानुवर्षें पिकत नाहीं. खांड लहान असतांना माती, पेंढा, दगड घेऊन जो धांवेल तो गांव वांचवितो. त्या घटकेस तो पाटील आहे कीं गडी, हें कोणी पाहत नाहीं. उलट खोटे संदेष्टे काय करितात? लोकांनीं कच्ची भिंत उभारली, कीं ते तिला चुना फांसतात. भिंत पांढरी शुभ्र दिसते आणि पहिल्या पावसांत कोसळते. समारंभाच्या प्रसंगीं आपल्या हातांत टोपलें आहे कीं चुन्याचा कुंचला, हें प्रत्येकानें पाहून घ्यावें.

कांहीं रूपकें नबींनीं तोंडानें न सांगतां अंगावर घेतलीं. ख्रिस्तपूर्व ५९४ च्या सुमारास यिर्मया मानेवर लांकडी जूं घालून यरुशलेमेंत हिंडूं लागला. बाबिलोनचें जूं मान्य करा, म्हणजे वांचाल, असा त्याचा संदेश होता. हनन्या नांवाच्या संदेष्ट्यानें मंदिरांत सर्वांदेखत तें जूं मोडलें आणि दोन वर्षांत सर्व कैदी परततील असें जाहीर केलें. लोकांस काय आवडलें असेल, हें सांगावयास नको. त्या वेळीं यिर्मयानें वाद वाढविला नाहीं. देव तसें करो, असें म्हणून तो आपल्या वाटेनें निघून गेला. मागून देवाचें वचन आलें, कीं लांकडाचें जूं मोडलेंस, त्याचें लोखंडी झालें. लोकांस गोड लागेल तें बोलणारा आणि लोकांबरोबर जूं वाहून कडू बोलणारा, ह्या दोघांत पुढारी कोण, हा निवाडा दोन्हीं वेळां काळानें केला. आमोसाच्या ग्रंथांत देव हातांत ओळंबा धरून भिंतीपाशीं उभा आहे. तेथील इब्री शब्दाचा अर्थ कथील असा घ्यावा, असेंहि कित्येक पंडितांचें मत आहे. पण परंपरेनें तो ओळंबाच मानला आहे. भिंत किती उंच गेली हें ओळंबा सांगत नाहीं. ती सरळ आहे कीं नाहीं, एवढेंच सांगतो. आणि हें सांगणारा आमोस कोण? तकोवा गांवचा गुरें राखणारा व उंबराचीं फळें काढणारा. बेथेलच्या राजमान्य याजकानें त्यास देश सोडून जाण्यास फर्माविलें, तेव्हां मी नबी नव्हतों कीं नबीचा पुत्र नव्हतों, असें त्यानें सरळ सांगितलें.

आतां ती थडग्याची हकीकत. ख्रिस्तपूर्व ८ व्या शतकाच्या अखेरीस हिज्कीया राजाच्या पदरीं शेबना नांवाचा कारभारी होता. राजवाड्याचा सर्व अधिकार त्याच्या हातीं. त्यानें उंच ठिकाणीं खडकांत स्वतःसाठीं थडगें खोदविण्यास आरंभ केला. यशया तेथें गेला आणि म्हणाला, कीं येथें तुझें काय आहे, येथें तुझें कोण आहे, कीं तूं येथें स्वतःसाठीं कबर खोदतोस? देव तुला चेंडूसारखा गुंडाळून दूर देशीं फेंकून देईल. मग तो सांगतो, कीं त्याचा झगा व कमरबंद एल्याकीम नांवाच्या दुसऱ्या सेवकास देण्यांत येईल, दावीदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवण्यांत येईल. तो उघडील तें कोणी बंद करणार नाहीं, तो बंद करील तें कोणी उघडणार नाहीं. प्रभु येशूनें पेत्रास स्वर्गराज्याच्या किल्ल्या दिल्या, त्या वचनामागें हेंच चित्र उभें आहे, असें आपले शास्त्री मानितात. येथें लक्षांत घ्यावें तें हें, कीं किल्ली बोटांत फिरविण्यासाठीं दिलेली नसून खांद्यावर ठेविलेली आहे. किल्ली म्हणजे ओझें. आणि घर दुसऱ्याचें.

बहुतेक वाचन येथें थांबतें. परंतु अध्याय पुढें चालतो, आणि त्याचीं शेवटचीं वाक्यें आम्हांस त्या रात्रीं झोंप लागूं देईनात. एल्याकीम हा भक्कम जागीं ठोकलेली खुंटी होईल. मग काय होईल? त्याच्या बापाच्या घराण्याचें सारें वैभव, मुलेंबाळें, नातलग, वाट्यांपासून घागरींपर्यंत सगळीं लहानथोर भांडीं त्या एका खुंटीला टांगलीं जातील. आणि एके दिवशीं ती भक्कम खुंटी निसटेल, मोडेल, आणि तिला टांगलेलें सर्व खालीं पडेल. वाईट माणसाचा नाश झाला, ह्यांत नवल नाहीं. येथें चांगला, देवानें निवडलेला सेवकहि आपल्या आप्तांच्या भारानें कोसळतो. गुणी पुढाऱ्याचा घात पुष्कळदां त्याचे शत्रू करीत नाहींत. त्याच्यावर स्वतःस टांगून घेणारे करितात. आजोबांच्या नांवासाठीं आवाज चढविणारे आम्ही त्या खुंटीवरचेंच एक भांडें होतों.

शेबनाच्या थडग्याचें पुढें काय झालें? यरुशलेमेसमोरच्या सिल्वान गांवांत १८७० सालीं क्लेर्मों-गानो नांवाच्या फ्रेंच संशोधकास खडकांत कोरलेल्या एका थडग्यावर इब्री लेख आढळला. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेला, आणि १९५३ सालीं अविगाद ह्या पंडितानें तो पुरता लावला. हें घरावरील अधिकाऱ्याचें थडगें असून येथें सोनें-रुपें नाहीं, फक्त त्याचीं व त्याच्या दासीचीं हाडें आहेत, जो हें उघडील तो शापित, असा त्याचा आशय आहे. लेखाचा काळ व अधिकाऱ्याचा हुद्दा शेबनाशीं जुळतो, म्हणून हें त्याचेंच असावें असें अनेकांस वाटतें. परंतु निश्चित म्हणतां येत नाहीं. कारण नेमका नांवाचा भाग तुटून गेला आहे! शेवटचीं दोनतीन अक्षरें तेवढीं उरलीं आहेत. हुद्दा राहिला, हाडांचा उल्लेख राहिला, शाप राहिला. ज्यासाठीं एवढा खडक खोदविला, तें नांव मात्र राहिलें नाहीं.

हीं रूपकें दूर देशांतलीं खरीं, पण तीं मराठींत नवीन नाहींत. गोव्याच्या साष्टींत राबलेले इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्याच्या पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा आहे. आणि आपल्या उत्तरेकडील साष्टींत तर यहुदी लोक स्वतःच मराठी बोलणारे शेजारी म्हणून नांदले. ठाणें शहरांत १८७९ सालीं बेने इस्राएल लोकांनीं शाअर हशामाईम, म्हणजे स्वर्गाचें द्वार, हें सभास्थान उभारलें. ह्या लोकांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नौगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले. ते गांवोगांव तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. राजा नाहीं, याजक नाहीं, मंदिर नाहीं, ग्रंथ नाहीं. शमा ही एक प्रार्थना व शब्बाथ तेवढा उरला. पुढें दावीद राहाबी ह्यानें त्यांस धर्मशिक्षण देऊन त्यांच्यांतूनच काजी नेमले, असेंहि परंपरा सांगते. पण तो येईपर्यंत त्या समाजाचा पुढारी कोण? आमच्या मतें, शनिवारीं बैल सोडून देणारा प्रत्येक तेली.

ह्या लोकांनीं सर्व नबींत एलियास आपलासा केला. मलिद्याच्या ताटाभोंवतीं बसून, गोड पोहे, खोबरें व फळें पुढें ठेवून ते एलियाहू हन्नाबीचें स्मरण करितात. अलिबागजवळ खंडाळें येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. एलियाचें रूपक म्हणजे त्याचा झगा. बारा जोत बैल लावून शेत नांगरीत असलेल्या अलीशाच्या अंगावर त्यानें तो जातां जातां टाकिला. आणि अग्निरथांतून तो वर गेला, तेव्हां तोच झगा खालीं पडला व अलीशानें उचलला. एलियाचें थडगें नाहीं, त्यावर लेख नाहीं. मागें राहिला तो एक झगा, आणि तो उचलणारा.

आपलाहि इतिहास ह्याहून फार निराळा नाहीं. १३२१ सालीं ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन संन्याशांनीं श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्यांचे सोबती डोमिनिकन फ्रायर जॉर्डन त्या वेळीं दूर होते. त्यांनीं परत येऊन तीं शरीरें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं, आणि ह्या किनाऱ्यावर एकटे राहून सेवा चालविली. सोबती पाठवावे म्हणून त्यांनीं लिहिलेलीं पत्रें आजहि उपलब्ध आहेत. १७३७ मध्यें साष्टी आणि १७३९ मध्यें वसई मराठ्यांनीं घेतली, तेव्हां पोर्तुगेज संन्याशांचे मठ ओस पडले, कित्येक देवळें मोडलीं, आणि भाविकांची चिंता थोड्या गोंवेकर धर्मगुरूंवर येऊन पडली. भगदाड मोठें होतें. तरी आज आपण येथें आहों. त्या काळीं संध्याकाळीं दिवा लावून लेंकरांकडून प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या आयांचीं नांवें कोणत्याहि पाटीवर नाहींत. मुकाट्यानें मातीचें टोपलें घेऊन त्या खांडींत उभ्या राहिल्या होत्या.

मग पुढाऱ्यांचें स्मरण करूंच नये काय? तसें नबी म्हणत नाहींत. मेंढपाळ नको, असें यहेज्केलानें म्हटलें नाहीं. मेंढपाळ कसा असावा, तेंच सांगितलें. ह्या पुस्तिकेंत ज्या धर्मगुरूंचा, माताभगिनींचा व वडील मंडळींचा कृतज्ञतेनें उल्लेख आहे, तो योग्यच आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्यांचा गौरव संदेष्ट्यांच्या मापानें व्हावा. त्यांनीं काय बांधलें ह्याबरोबर त्यांनीं कोणाला शोधून आणलें, काय वेळींच सांगितलें, आणि जातांना झगा कोणासाठीं ठेविला, हेंहि विचारलें जावें. कोलशेतचीं शेतें गेलीं आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत दूरदूरचीं माणसें राहावयास आलीं आहेत. त्यांतील कांहीं आपल्याच श्रद्धेचीं आहेत, आणि रविवारीं मागच्या बांकावर बसून कोणाशीं न बोलतां निघून जातात. यहेज्केलाच्या यादींतील हरवलेलें मेंढरूं शोधण्यास आपणांस फार लांब जावें लागणार नाहीं.

पाटीविषयीं सांगावयाचें, तर आमच्या आजोबांच्या नांवाचा आग्रह आम्हीं सोडला आहे, आणि तसें मंडळीस कळविलें आहे. ते हयात असते, तर त्यांनींहि आम्हांस हेंच करावयास सांगितलें असतें. कारण देवळाच्या कामावर ते मजुरांबरोबर पाटी वाहत, पण ती मातीची. जखऱ्यानें ज्या राजाचें आगमन वर्णिलें, तो नीतिमान व नम्र, आणि गाढवावर बसून येणारा आहे. त्या एका खऱ्या मेंढपाळाच्या चरणीं हें ज्युबिलीचें वर्ष अर्पण असो. आणि शिंग वाजेल तेव्हां आपली मूठ उघडी असो, हीच प्रार्थना.